पुस्तकांच्या गावी दोन रात्री

लग्नाचा वाढदिवस हा आमच्या घरात कधीच साजरा करण्याचा विषय नव्हता. पहिली चार-पाच वर्षे तारीख लक्षात राहायची. पुढे मुलीचे दुखणेखुपणे, शाळेची फी, भाड्याच्या खोलीची डागडुजी यांत तीही मागे पडली. यंदा फेब्रुवारीत आमच्या मंगल परिणयाला वीस वर्षे पूर्ण झाली. कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, "आजी आणि मी घर सांभाळतो. तुम्ही दोघं कुठंतरी जाऊन या."

कुठे जावे हा प्रश्न आमच्या नोंदवहीने सोडवला. आम्ही पेशाने कारकून. वस्तीतल्या विहारात गेली पंधरा वर्षे दर रविवारी वाचनालय चालवतो. कपाटे वर्गणीतून घेतली, पुस्तके दारोदार फिरून जमवली. वर्षअखेरीस नोंदवही तपासत होतो. सभासद क्रमांक 7 म्हणजे आमच्या पत्नी. त्यांच्या नावापुढे पंधरा वर्षांत चार पुस्तके लागलेली, त्यातले शेवटचे तीनदा मुदत वाढवून न वाचताच परत आलेले! घरोघरी जाऊन "वाचा, वाचा" म्हणून सांगणाऱ्याच्या घरातला हा हिशेब. आम्ही हिला विचारले, तर भाकरी थापता थापता उत्तर आले, "वाचायला बसलं की कुणीतरी हाक मारतंच."

तेव्हा ठरवले, जिथे हाक मारायला कोणी नसेल आणि पुस्तके मात्र असतील अशा ठिकाणी जायचे. असे ठिकाण आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे. महाबळेश्वर तालुक्यातले भिलार, ज्याला आता सगळे 'पुस्तकांचे गाव' म्हणून ओळखतात. खर्चाचे म्हणाल तर दरमहा 500 रुपयांची आर.डी. वर्षभर भरलेली होती. तेवढ्यातच भागवायचे असा करार आम्ही उभयतांनी केला.

स्वारगेटहून सकाळची महाबळेश्वर गाडी धरली. 2023 च्या मार्चपासून सुरू झालेल्या सवलतीमुळे हिला निम्मे भाडे पडले, त्याचा आनंद खंबाटकीचा घाट संपेपर्यंत टिकला. सुरूरला महामार्ग सोडून गाडी वाईकडे वळते. कृष्णाकाठचे वाई देवळांसाठी आणि घाटांसाठी प्रसिद्ध. पण पुस्तकांच्या वाटेवर निघालेल्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मराठी विश्वकोशाचे काम याच गावात, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली उभे राहिले. पहिला खंड 1976 साली निघाला. वाईनंतर पसरणीचा घाट लागतो. वळणावळणाने गाडी चढते तसे खाली वाईचे खोरे उलगडत जाते आणि खिडकीतून येणारा वारा एकदम गार होतो. हिने पदर कानांवर ओढला. "वीस वर्षांत तुमच्याबरोबर पहिल्यांदा घाट चढतेय," असे म्हणून ती हसली. त्यावर आम्ही गप्पच राहिलो.

पाचगणी स्टँडवर उतरून वडापच्या जीपने भिलार गाठले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना स्ट्रॉबेरीची शेते. काळ्या प्लास्टिकने झाकलेले गादीवाफे आणि त्यांतून डोकावणारी लाल फळे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि भिलार हे त्याच पट्ट्यातले गाव. फळाने नाव मिळवलेल्या या गावाला पुस्तकांचे नाव मिळाले ते 4 मे 2017 रोजी. राज्य शासनाच्या मराठी भाषा विभागाने राज्य मराठी विकास संस्थेमार्फत हा प्रकल्प उभा केला. सुरुवात 25 ठिकाणी, सुमारे 15,000 पुस्तकांनी झाली. पुढे ठिकाणेही वाढली आणि पुस्तकेही.

कल्पना परदेशातली. वेल्समध्ये, इंग्लंडच्या सीमेला लागून, हे-ऑन-वाय नावाचे लहानसे गाव आहे. रिचर्ड बूथ नावाच्या गृहस्थाने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे जुन्या पुस्तकांचा धंदा सुरू केला. पाहता पाहता गावभर पुस्तकांची दुकाने झाली. 1977 साली तर बूथने गंमत म्हणून स्वतःला त्या गावाचा राजा जाहीर केले! 1988 पासून तिथे साहित्याचा मोठा महोत्सव भरतो. पण त्या गावात पुस्तके विकायला ठेवलेली असतात. भिलारची रीत वेगळी. इथे पुस्तके लोकांच्या राहत्या घरात ठेवलेली आहेत आणि कोणीही यावे, बसून वाचावे, पैसा द्यावा लागत नाही. एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्या घरात कविता, कुठे इतिहास, कुठे बालसाहित्य, कुठे चरित्रे-आत्मचरित्रे. कपाटे, टेबल-खुर्च्या शासनाने दिल्या. पुस्तके सांभाळण्याचे काम घरच्या मंडळींनी अंगावर घेतले. भिंतींवर त्या त्या साहित्यप्रकाराला शोभतील अशी चित्रे आहेत, त्यामुळे लांबूनच कळते की इथे काय वाचायला मिळेल.

गावात काही घरांतून मुक्कामाची आणि सकाळच्या न्याहारीची सोय होते. आम्ही फोनवर एक खोली ठरवली होती. इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आम्ही दोघे एका गावी गेलो होतो. खोली दाखवून झाली, भाडे ठरले, वहीत नाव लिहिले आणि आडनाव वाचताच मालकाला आठवले की खोली आधीच कुणाला तरी दिलेली आहे. ती रात्र आम्ही एस.टी. स्टँडच्या बाकावर काढली. त्यानंतर आम्ही दोघे फिरायला म्हणून कुठे गेलो नाही. पैशांची अडचण होतीच, पण कारण तेवढेच नव्हते.

म्हणून भिलारच्या घरी मावशींनी वही उघडली तेव्हा हिने आमच्याकडे पाहिले.

"आडनाव काय लिवू?" मावशींनी विचारले.

आम्ही सांगितले. मावशींनी ते सावकाश, एकेक अक्षर करून लिहिले, वही मिटली आणि विचारले, "च्यात साखर चालती न्हवं?"

एका घरावरून आम्ही गावाची पारख करणार नाही. आपल्या समाजातल्या कुणाला कुठे काय अनुभव येईल हे आम्ही कसे सांगणार? पण त्या रात्री मावशींच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला बसून, त्यांच्या हातची ज्वारीची भाकरी आणि घेवड्याची आमटी आम्ही दोघांनी पोटभर खाल्ली. हिने ताट उचलून धुवायला घेतले तर मावशींनी ते हातातून काढून घेतले. "घरी करतीसच की रोज. हितं तरी बस." हे शब्द आमच्या मनात घर करून राहिले.

दुसरा दिवस वाढदिवसाचा. सकाळी पोहे आणि चहा झाल्यावर आम्ही गाव पाहायला निघालो. एका अंगणात पुस्तकांचे कपाट, शेजारी वाळत घातलेली गोधडी, पायरीवर मांजर. दुसऱ्या घरात शाळेच्या सहलीची पोरे बालसाहित्यावर तुटून पडलेली. चार घरे फिरल्यावर उन्हाला पाठ करून ठेवलेल्या दोन खुर्च्या दिसल्या. तिथे आम्ही बसलो. आम्ही कपाटातून इतिहासाचे पुस्तक काढले. हिने मात्र पिशवीतून घरून आणलेले पुस्तक बाहेर काढले. वाचनालयातलेच, तीनदा मुदत वाढवलेले ते हेच: बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं'.

बेबीताई याच सातारा जिल्ह्यातल्या, फलटणच्या. त्या लहानसे दुकान चालवत. मालाच्या पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत आणि दुकानात बसूनच लिहीत. लिहिलेले नवऱ्याच्या दृष्टीस पडू नये म्हणून लपवून ठेवत. अशी कित्येक वर्षे गेली. ते लेखन आधी 'स्त्री' मासिकातून आले, 1986 साली त्याचे पुस्तक झाले आणि 2008 साली माया पंडित यांनी ते इंग्रजीत नेले. 2012 साली बेबीताई गेल्या. ही सगळी माहिती महिला दिनाच्या कार्यक्रमांत आम्ही कितीदा तरी सांगितली आहे. टाळ्याही घेतल्या आहेत.

दुपारी जेवायला उठलो तेवढेच. परत येऊन ती पुन्हा बसली. ऊन सरकले तशी खुर्ची सरकवली. मध्येच हसायची, मध्येच पुस्तक छातीशी धरून शेताकडे पाहत राहायची. आम्हाला दोनदा चहाची आठवण झाली आणि दोन्ही वेळा "अगं" म्हणायला उघडलेले तोंड आम्ही मिटले. तिसऱ्यांदा स्वतःच उठून दोन कप चहा घेऊन आलो. दिवेलागणीला शेवटचे पान उलटले.

"कसं वाटलं?" आम्ही विचारले.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही माझ्यापासून पुस्तक कधी लपवलं नाही. पण बस, वाच, असंही कधी म्हटलं नाही."

आमच्याकडे उत्तर नव्हते. वीस वर्षांत आम्ही किती सभा केल्या, किती मोर्चे काढले. आम्ही रात्री उशिरा परतायचो तेव्हा ताट झाकून ठेवलेले असायचे. ते झाकण्यासाठी कोणाचा वेळ गेला, याची नोंद आमच्या कुठल्याच वहीत नाही.

परतीच्या दिवशी पहाटे धुके होते. शेतांत बायका वाकून फळे तोडत होत्या. ही बांधावर उभी राहून त्यांच्याशी बोलली. एकीने विचारले, "वाचायला आलाय व्हय?" ही म्हणाली, "हो. तुम्ही वाचता का?" ती बाई हसली. "पोरगी वाचती. मी ऐकती राती." निघताना तिने मूठभर स्ट्रॉबेरी हिच्या ओंजळीत घातल्या आणि पैसे काही घेतले नाहीत.

वाचक बंधू-भगिनींनो, भिलारला जायचे तर हिवाळ्यात जा. स्ट्रॉबेरीचा हंगाम असतो, थंडी बोचते म्हणून स्वेटर-शाल सोबत घ्या. शनिवार-रविवारची गर्दी टाळा, मुक्कामाचे फोनवर आधी ठरवा. प्रवास, राहणे, जेवण धरून आमचा खर्च आर.डी.च्या रकमेत बसला आणि मुलीसाठी एक पुस्तकही आले.

ज्यांना जाणे जमणार नाही त्यांनी निदान एवढे करावे. घरात एक खुर्ची उजेडाकडे तोंड करून ठेवावी आणि घरातल्या बाईला दिवसातला एक तास त्या खुर्चीवर बसू द्यावे. त्या तासात तिला कोणी हाक मारू नये. आमच्या घरी संध्याकाळी सात ते आठ ही वेळ ठरली आहे. त्या वेळेचा स्वयंपाक आम्ही आणि मुलगी करतो. भाकऱ्या अजून गोल होत नाहीत, आई रोज नावे ठेवते. सभासद क्रमांक 7 पुढे मात्र फेब्रुवारीपासून सहा पुस्तके लागली आहेत आणि सगळी वाचून परत आली आहेत.