तुळशीची माती

आज वहीचं तिसरं पान भरलं. शंभर पानी, खाकी कव्हर घातलेली, शाळेतल्यासारखी वही. मंगळवारी दवाखान्यात आमचा गट बसतो. गट घेणाऱ्या बाई स्वतः मानसिक आजारातून गेलेल्या, त्यामुळे त्यांच्यासमोर लाज वाटत नाही.

अशी वही लिहायची ही पद्धत 1997 साली अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये मेरी एलन कोपलँड आणि त्यांच्यासारख्याच सोसलेल्या माणसांनी मिळून बसवली. बरं राहायला रोज काय लागतं, काय खुपतं, बिघडायला लागलं की आधी काय दिसतं, हे ज्याचं त्यानं लिहायचं. डॉक्टरांनी नाही. गोळ्या चालूच असतात.

माझ्या पानावर आहे : तुळस सुकते. झोप उडण्याच्या, फोन न उचलण्याच्याही आधी मी तिला पाणी घालायचं सोडते. तीनदा आजारी पडले, तिन्ही वेळा कुंडीतली माती भेगाळली होती. डोस बदलले, पण मातीबद्दल कुणी विचारलं नाही. मलाही कुठं दिसली होती ती?

पुढचं पान अवघड आहे. माझा तोल गेलाच, तर निर्णय कुणी घ्यायचे? 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानंही हे आधीच लिहून ठेवायचा हक्क दिलाय. पेन्सिलीनं ‘ताई’ लिहिलं. मग खोडलं. तीही थकलीय.

पान कोरंच आहे. मघाशी कुंडीत बोट खुपसून पाहिलं. ओल होती. काल पाणी कधी घातलं, आठवत मात्र नाही.