आप्पांचा आवाज आणि एक हार्ड डिस्क

घरात कोणी विचारलं की मी सांगायचो, आपल्याकडे सगळ्याचा बॅकअप आहे. तो नव्हता. लॅपटॉपमध्ये जागा पुरेना, तेव्हा मी फोटो, कागदपत्रं आणि माझ्या वडिलांची, आप्पांची, रेकॉर्डिंग्ज एक टेराबाइटच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवली होती, तीही कॉपी करून नाही, कट करून. प्रत एकच होती, ती फक्त लॅपटॉपमधून कपाटात गेली. कपाटात आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं मी धरून चाललो.

मी मेंटेनन्सचा माणूस आहे. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सीएनसी आणि व्हीएमसी मशिनं सांभाळतो. अशा मशिनच्या कंट्रोलरमध्ये पॅरामीटर साठवलेले असतात: अक्षांच्या मर्यादा, सर्वोचा वेग, बॅकलॅशची भरपाई. पुष्कळ कंट्रोलरमध्ये ते बॅटरीच्या जोरावर टिकतात. बॅटरी संपत आल्याचा अलार्म आला की मशिन चालू ठेवूनच ती बदलायची. वीज बंद करून बदलली तर पॅरामीटर उडू शकतात आणि मग ते भरेपर्यंत लाइन उभी. म्हणून आम्ही प्रत्येक मशिनचे पॅरामीटर कार्डवर काढतो, एक प्रत ऑफिसच्या संगणकात ठेवतो आणि ती उघडते का हेही मधूनमधून बघतो. नवीन आलेल्या पोरांना हे मीच शिकवतो. कारखान्याच्या आकड्यांसाठी जी काळजी मी घेत होतो, ती घरी घेतली नाही, आणि त्याचं कारण वेळ नव्हता असं नाही. घरच्या गोष्टी कोणी ऑडिट करत नाही, एवढंच कारण होतं.

आप्पा पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये फर्मेंटेशन खात्यात होते. 1954 साली उभा राहिलेला, देशात पेनिसिलीन बनवणारा सरकारी कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत त्यामागे होती. याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध सापडलं आणि त्याच्या नावातली पहिली दोन अक्षरं कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आली. हे आप्पा प्रत्येक पाहुण्याला सांगत. शेवटच्या वर्षांत, गुरुवारी (आमची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते) दुपारचा चहा झाला की मी फोन समोर ठेवायचो आणि ते बोलायचे. रात्रपाळीत फर्मेंटरमध्ये नको ते जंतू शिरले तर अख्खी बॅच कशी ओतून द्यावी लागायची, वासावरून ते आधीच कसं कळायचं, सायकलवरून घरी येताना वाटेत काय काय दिसायचं. ते गेले त्यानंतर मी ती रेकॉर्डिंग्ज ऐकली नाहीत. ऐकवत नव्हती. आहेत, एवढं पुरे होतं.

डिस्कने आधी सूचना दिली होती. फोल्डर उघडायला वेळ लागत होता आणि मधूनच आतून टक्‌ टक्‌ असा आवाज यायचा. स्पिंडलचा आवाज थोडा बदलला तरी मी मशिन थांबवायला लावतो. हा आवाज मी स्पष्ट ऐकला आणि केबल बदलून पाहिली.

मग एके दिवशी डिस्क दिसेनाशी झाली. इथून पुढे जे झालं ते पूर्णपणे माझं काम. मी ती काढून पुन्हा जोडली, दुसऱ्या पोर्टला लावली, दुसऱ्या लॅपटॉपला लावली, रात्रभर चालू ठेवून बघितली. त्या टकटकीचा अर्थ मला नंतर समजला. आत तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेत असते आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. हेडला खूण सापडली नाही की ते मागे जातं आणि पुन्हा प्रयत्न करतं. तो आवाज त्या येरझाऱ्यांचा. हेड दुखावलेलं असेल तर अशा प्रत्येक प्रयत्नात तबकडीवरचा थर खरवडला जाऊ शकतो. मी रात्रभर हेच करू दिलं.

मध्येच एकदा डिस्क दिसली. त्या वेळी जे हाताला लागेल ते उतरवून घ्यायला हवं होतं, आप्पांचं फोल्डर सगळ्यात आधी. ते सोडून मी चेकडिस्क चालवलं, तेही दुरुस्तीचा पर्याय देऊन. हा प्रोग्राम फाइलींच्या नोंदी जुळवतो. तबकडी धड आहे असं धरून तो तिच्यावर लिहितो. मरायला टेकलेल्या डिस्कवर त्याने नोंदी कापल्या आणि तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले. फोल्डरचं नाव गेलं, आतल्या फाइलींची नावं गेली, आणि थोड्या वेळाने डिस्क कायमची गप्प झाली.

त्यानंतर मी टॉर्क्सचे स्क्रूड्रायव्हर काढले. उघडून हेड हाताने हलवलं तर सुटेल, असं वाटत होतं. मुलगी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही स्पिंडल शॉपफ्लोअरवर उघडता का?" नाही उघडत. स्पिंडलचं काम बंद, स्वच्छ खोलीत होतं, कारण बेअरिंगमध्ये धुळीचा कण चालत नाही. इथे तर हेडखालची फट धुळीच्या साध्या कणापेक्षा कित्येक पट लहान. मी स्क्रूड्रायव्हर ठेवले. या सगळ्या प्रकरणात वेळेवर थांबलो ते एवढंच, आणि तेही तिच्यामुळे.

पुण्यातल्या ज्या लॅबमध्ये शेवटी गेलो, तिथल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "बंद पडल्यावर किती वेळा चालू केलीत?" मी खरं सांगितलं. त्यांची पद्धत साधी होती. आधी डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायची, सोपा भाग आधी आणि अडणारा भाग शेवटी, आणि मूळ डिस्क बाजूला ठेवून पुढची सगळी खटपट त्या प्रतीवर करायची. मी बरोबर उलट्या क्रमाने गेलो होतो.

परत काय आलं? नोंदी तुटल्या होत्या, म्हणून पुष्कळशा फाइली त्यांच्या सुरुवातीच्या ठरावीक खुणेवरून शोधाव्या लागल्या. अशा फाइलींना नाव नसतं, तारीख नसते, फक्त क्रमांक असतो. लग्नाचे फोटो, गिअर हाउसिंगची ड्रॉइंग्ज आणि शाळेच्या फीच्या पावत्या एकाच ढिगात. काही फोटो वरून अर्धे ठीक आणि खाली राखाडी. फोटोचं तसं होतं, जेवढं वाचता येतं तेवढं तरी दिसतं. रेकॉर्डिंगचं तसं नाही. फोनवरच्या अशा फाइलीची अनुक्रमणिका बहुधा रेकॉर्डिंग थांबवल्यावर, शेवटी लिहिली जाते. शेवट हरवला तर आधीचा आवाज असूनही फाइल वाजत नाही. लॅबने खूप प्रयत्न केले. आप्पांचं एकही रेकॉर्डिंग वाजलं नाही.

आप्पांनी वहीत लिहिलेल्या काही आठवणी चिंचवडच्या एका डीटीपीवाल्याकडून मी टाईप करून घेतल्या होत्या. त्या फाइली मिळाल्या. उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. याही गेल्या असं धरून मी ती खिडकी बंद केली. दोन दिवसांनी लक्षात आलं की त्या श्रीलिपीतल्या आहेत. युनिकोडच्या आधीच्या अशा फॉन्टांमध्ये मराठी अक्षरं इंग्रजीच्या सांकेतिक जागांवर बसवलेली असतात, फॉन्ट नसला की मजकूर असा दिसतो. फॉन्ट घातला आणि आप्पांची वाक्यं समोर आली. आता त्या युनिकोडमध्ये आणल्या आहेत. तुटलेली जोडाक्षरं मी एकेक करून हाताने नीट केली.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला सगळ्यात जड जातं. नाशिकच्या माझ्या बहिणीला, ताईला, मी हे काहीच सांगितलं नव्हतं. वर्षश्राद्धाला आप्पांचा आवाज सगळ्यांना ऐकवू या, असं ती म्हणाली होती. मी म्हणालो, "हो, आहे सगळं, सवडीने पाठवतो." नंतर तिने पुन्हा विचारलं तेव्हा कामाची सबब सांगितली. लॅबमध्ये काम चालू होतं त्या दिवसांत मुलीने मला 'टॉय स्टोरी 2' ची गोष्ट सांगितली. 1998 मध्ये एका चुकीच्या कमांडने त्या चित्रपटाच्या फाइली पुसल्या जाऊ लागल्या, स्टुडिओचा बॅकअपही नीट चालत नव्हता, आणि काम वाचलं ते एका तंत्रज्ञ बाईंमुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरी एक प्रत होती. ऐकता ऐकता मला आठवलं की आप्पांच्या बोलण्याचे दोन-तीन तुकडे मी ताईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते.

तेव्हा फोन केला आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दिवाळीत जुना फोन एक्सचेंजमध्ये दिला रे. तू म्हणालास ना, तुझ्याकडे सगळं आहे." फोन देताना तिने गॅलरी बघितली होती आणि ते तुकडे मुद्दाम घेतले नव्हते, माझ्या शब्दावर. डिस्क त्याच्या कितीतरी आधी बंद पडली होती. मी पहिल्याच दिवशी तिला खरं सांगितलं असतं तर आप्पांचा थोडा तरी आवाज आज असता. डिस्क, हेड, चेकडिस्क हे सगळं एका बाजूला ठेवलं तरी एवढं उरतं.

ताई माझ्यावर चिडली, आणि ते योग्यच होतं. आता आम्ही दोघं आठवेल तसं लिहून काढतोय. ती एक फाइल तिच्याकडे ठेवते, मी माझ्याकडे, आणि दोन्हींत फरक पडला की फोनवर भांडतो. बॅच ओतून दिली त्या रात्री आप्पा सकाळी घरी येऊन न जेवता झोपले असं ती म्हणते, मला ते अंगणात बसलेले आठवतात. आप्पांच्या खात्यातले एक काका अजून अजमेरा कॉलनीत राहतात. येत्या गुरुवारी त्यांच्याकडे जायचं आहे, ताईही नाशिकहून येणार आहे. रेकॉर्डिंग तिच्या फोनवर करायचं ठरलंय.