श्रोत्यांच्या गावी चार रात्री

भाषांतर हा ज्याचा रोजचा व्यवसाय, त्याला एखादा शब्द वर्षानुवर्षे छळीत राहतो. मला 'कॉन्फरन्स' या शब्दाने छळले. परिषद म्हणावे, तर ठराव आणि अध्यक्षीय भाषण डोळ्यांपुढे उभे राहते. संमेलन म्हणावे, तर ग्रंथदिंडी आठवते. कोलकात्यात दरसाल जानेवारीच्या २२ पासून २५ पर्यंत चार रात्री जे घडते, त्यात यांपैकी काहीही नसते. माणसे रात्र पडू लागली की येऊन बसतात आणि उजाडल्यावर उठतात. मधल्या वेळात गाणे होते, वादन होते, चहा होतो आणि पुन्हा गाणे होते. त्याला 'डोव्हर लेन म्युझिक कॉन्फरन्स' असे भारदस्त नाव आहे. घरोब्यातले लोक नुसते 'डोव्हर लेन' म्हणतात.

हा शब्द या अर्थाने रूढ होण्यास आपल्याच एका माणसाचा हात लागला आहे, हे वाचकांपैकी कित्येकांना ठाऊक असेल. मुंबईचे वकील पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९१६ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली. रागांची स्वरूपे निश्चित करावीत, विद्वानांनी व उस्तादांनी समोरासमोर बसून चर्चा करावी, हा तिचा हेतू होता. पुढे दिल्ली, वाराणसी, लखनौ येथे अशाच परिषदा झाल्या. कालांतराने चर्चा गळून पडली, गाणे उरले. नाव मात्र जुनेच राहिले. कलकत्त्यात १९३४ साली जी अखिल बंगाल म्युझिक कॉन्फरन्स सुरू झाली, तिचे उद्घाटन खुद्द रवींद्रनाथांनी केले होते. डोव्हर लेनची कॉन्फरन्स १९५२ सालची. गडियाहाटजवळच्या त्या नावाच्या गल्लीतील मंडळींनी ती आरंभिली, म्हणून ते नाव. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सवाई गंधर्व निवर्तले आणि १९५३ पासून भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू केला. ही दोन उत्सवांची जोडी एका वर्षाच्या अंतराने जन्मली, हे मला नेहमी नवलाचे वाटते.

मी स्वतः गात नाही, वाजवीत नाही. माझ्याकडे जे काही आहे ते वडिलांकडून आलेले ऐकण्याचे व्यसन. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नाना डाकखात्यात कारकून होते. तानसेन होता येत नाही, तर निदान कानसेन व्हावे, हे त्यांचे आयुष्यभराचे धोरण. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ पासून सुरू झाला. नाना कळत्या वयाचे झाल्यापासून शनिवारच्या रात्री त्यासाठी राखून ठेवीत. ऐकलेल्या प्रत्येक मैफलीची नोंद ते एका वहीत करीत: तारीख, कलाकार, राग, ताल, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द. 'उत्तम', 'बरे', क्वचित 'निराशा'. अशा अकरा वह्या आमच्या घरी आहेत. बाराव्या वहीत सहा पाने भरली आहेत आणि पुढे कोरी आहे.

कारण नानांचे कान गेले. एकदम नव्हे, वयाबरोबर जातात तसे. आपल्या अंतःकर्णात ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केशपेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसाच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत, आणि उंच स्वर टिपणाऱ्या पेशी बहुधा आधी जातात. पहिली तक्रार त्यांनी केली ती अशी: "तंबोऱ्याची जवारी गेली." आम्हाला वाटले, तंबोराच बिघडला. पण जवारीतून जो झणत्कार उठतो तो उंच उपस्वरांचाच बनलेला असतो, आणि नेमके तेच त्यांना ऐकू येईनासे झाले होते. श्रवणयंत्र आणले. यंत्राची जुळणी मुख्यतः माणसाच्या बोलण्यासाठी केलेली असते. त्यातून आईचे बोलणे त्यांना कळू लागले, गाणे मात्र पत्र्यावर खडे पडल्यासारखे ऐकू येई. एके दिवशी त्यांनी ते काढून डबीत ठेवले आणि मला म्हणाले, "डोव्हर लेन राहूनच गेलं बघ माझं. तू जा. ऐक, आणि मला नीट लिहून आण."

दुसऱ्या भाषेतले लिखाण मराठीत आणणे मला जमते. तो माझ्या पोटापाण्याचा उद्योग आहे. पण गाणे कोणत्या भाषेत आणावयाचे? या विवंचनेत मी २०२४ च्या जानेवारीत गीतांजली एक्सप्रेसमध्ये बसले आणि दीड दिवसाने हावड्याच्या पुलावर उभी राहिले.

त्या वर्षी हवाच निराळी होती. ९ जानेवारीस रशीद खान यांचे कोलकात्यात निधन झाले होते, आणि १३ तारखेस पुण्यात प्रभाताई अत्रे गेल्या होत्या. रशीद खान लहान वयात या शहरी शिकावयास आले आणि येथलेच झाले. ते अवघे पंचावन्न वर्षांचे होते. रवींद्र सरोवराकाठच्या नझरुल मंचाच्या दाराशी मी पोहोचले, तेव्हा तिकिटाच्या रांगेतही त्यांच्याबद्दलच बोलणे चालले होते. गेलेल्या माणसाविषयी आपण जसे हळू बोलतो तसे नव्हे; घरातले माणूस न सांगता निघून गेल्यावर रागावून बोलावे, तसे.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक वृद्ध बाई होत्या. पायांत लोकरी मोजे, अंगावर दोन शाली, मांडीवर थर्मास आणि बिस्किटांचा पुडा. बंगालच्या रीतीप्रमाणे मी त्यांना 'माशीमा' म्हटले, आणि आमची ओळख झाली. मी महाराष्ट्रातून आले असे सांगताच त्या खदखदून हसल्या आणि पुढच्या रांगेतल्या दोघांना म्हणाल्या, "अहो, बर्गी आली!" अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या बारगिरांनी बंगालवर ज्या स्वाऱ्या केल्या, त्यांचे भय तेथल्या अंगाईगीतांत अजून टिकून आहे. त्यांच्याच धास्तीने १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती जो खंदक खणण्यात आला, त्याला 'मराठा खंदक' म्हणत. मुलांनी निजावे म्हणून ज्यांचे नाव घेत, त्यांतलीच एक आज रात्रभर जागावयास आली, असे मी म्हणाले. त्यावर माशीमांनी मला थर्मासमधला पहिला चहा दिला.

कोलकात्याच्या श्रोत्यांविषयी आपल्याकडे बरेच ऐकिवात असते. त्यातले काही खरे आहे. रविशंकर थोर की विलायत खाँ, हा वाद तेथे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या वादाइतकाच जिवंत असून तो सुटावा अशी कोणाचीच इच्छा नाही. दोघेही आज हयात नाहीत. वादाला त्याने काही बाध येत नाही. मध्यांतरात दोन गृहस्थ तळलेल्या माशाचा तुकडा हातात धरून एका जुन्या दरबारीवरून असे भांडत होते, की मला आपल्या नाटकवाल्यांची आठवण झाली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान केले, तेव्हा शंभर शंभर रुपये मोजून लोक आले होते आणि पुढे कित्येक वर्षे कोणाचे गाणे सरस झाले यावर घरोघरी दोन तट पडले होते. चाहत्यांची जात सगळीकडे एकच. बंगालमध्ये तिच्या डोक्यावर कानटोपी असते इतकेच.

महाराष्ट्राचे ऋण मात्र माशीमांना मान्य नव्हते. केसरबाई केरकरांना 'सूरश्री' ही पदवी कलकत्त्याच्या रसिकांनी दिली, तेव्हा केसरबाई आमच्या. घर सोडून पळालेले भीमसेन काही काळ नट पहाडी सन्याल यांच्या कलकत्त्यातील घरी काम करून राहिले होते, तेव्हा भीमसेनही आमचेच. भीमसेन २०११ साली २४ जानेवारीस वारले. ही तारीख कॉन्फरन्सच्या चार रात्रींत येते. माशीमांच्या मते हाही पुरावाच होता. मी वाद घातला नाही. चहा त्यांचा होता.

कोणत्या रात्री कोणी काय गायिले, याचा वृत्तांत मी येथे देत नाही. वर्तमानपत्रांतून तो आलेला आहे. शिवाय पहिली रात्र मला झोपेशी झगडण्यातच गेली, आणि चौथ्या रात्री गर्दीत मला मागची जागा मिळाली. सांगावयाचे आहे ते तिसऱ्या रात्रीचे.

नानांसाठी लिहावयाचे म्हणून मी वही घेऊन बसले होते. 'मधुर', 'भावपूर्ण', 'तल्लीन' ही विशेषणे मी पहिल्याच रात्री बाजूला ठेविली होती. ज्याने अकरा वह्या एकेका शब्दात भरल्या, त्याला अशी विशेषणे पाठविणे म्हणजे रिकामे पाकीट पाठविण्यासारखे आहे. मग मी घड्याळ पाहून लिहू लागले. किती वाजता स्वर लावला. निषादावर किती वेळ थांबला. तबला केव्हा मिळाला. कोणत्या तानेला माशीमांनी डोळे मिटले आणि कोणत्या तानेला उघडले.

तीन वाजून गेल्यावर सभागृहात एक निराळी शांतता येते. निम्मे लोक शालीत गुरफटून झोपलेले असतात आणि झोपेत त्यांची बोटे हलत असतात. त्या शांततेत एका सतारवादकाने ललत आरंभिला. ललतात पंचम नाही, आणि दोन मध्यम शेजारी शेजारी येतात. दोन्ही मध्यमांच्या त्या घासणीत रात्र अजून असते आणि सकाळही असते. भातखंड्यांनी दाखवून दिले आहे, की आपल्या रागांच्या वेळा ओळखण्यात मध्यम हा वाटाड्या असतो. हे मी पुस्तकात वाचले होते. पण हा राग त्याच्या वेळेला, जागेपणी, इतक्या माणसांत बसून मी कधी ऐकला नव्हता. ऐकणार कोठून? ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले, उघड्या मंडपात रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद झाला, आणि पुण्याच्या महोत्सवाची ती उजाडेपर्यंतची बैठक संपली. नियम योग्यच आहे. शेजारच्या घरात आजारी माणूस असतो, परीक्षेचा मुलगा असतो. पण पहाटेचे राग त्यामुळे बेघर झाले, हेही खरे आहे. आपल्या पिढीने ललत आणि भटियार बहुतांशी ध्वनिमुद्रिकांवर, दुपारी, धुणे वाळत घालताना ऐकले आहेत. कोलकात्यात बंदिस्त सभागृहाच्या आडोशाने त्यांना अजून त्यांची वेळ मिळते.

ललत दीड तास चालला. सव्वासहाच्या सुमारास बाहेर आले तेव्हा सरोवरावर धुके होते आणि मातीच्या भांड्यांतून चहा विकला जात होता. वहीत सात पाने भरली होती. माशीमांनी विचारले, "इतके काय लिहिलेस?" मी त्यांना नानांविषयी सांगितले. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी वही मागून घेतली आणि माझ्या मराठी अक्षरांच्या खाली बंगालीत दोन ओळी लिहिल्या. त्या मी येथे देत नाही. त्या नानांसाठी होत्या.

घरी आल्यावर मी वही नानांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि कार्यालयातली फाईल तपासावी तशी पाने चाळू लागले. ललतापाशी आल्यावर त्यांचा वेग मंदावला. मधून मधून ते घड्याळाच्या आकड्यांवर बोट ठेवून थांबत, आणि उजव्या हाताचा तळवा मांडीवर आपटत. बहुधा झपताल. मी खूण करून विचारले, तसे ते म्हणाले, "तू लिहिलं आहेस ना, गत झपतालात आहे म्हणून? मग?" बंगाली ओळींचा अर्थ मी कागदावर लिहून दिला. तो त्यांनी वाचला, घडी केली आणि श्रवणयंत्राच्या डबीत ठेवला.

मग त्यांनी बारावी वही काढून सातवे पान उघडले. तारीख लिहिली, राग लिहिला, ताल लिहिला. शेवटचा रकाना मोकळा ठेवून ते मला म्हणाले, "पुढच्या जानेवारीला दोन तिकिटं बघ. मला ऐकू यायचं नाही ते नाहीच. पण समेवर एवढ्या लोकांच्या माना एकदम हलतात, असं तूच लिहिलं आहेस. ते मला दिसेल की."

आईने विचारले, थंडी किती असते तिकडे? आणि त्याच दुपारी ती दोघांसाठी कानटोप्या विणायला बसली.