तीन बोटं आणि एक मुलाखत

एम.एस्सी. झाल्यावर कॅन्सरवरच संशोधन करायचं, हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, "आणखी पाच-सहा वर्षं शिकायचं, तर खाणार काय?" मी जेआरएफचा (ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचा) आकडा सांगितला: महिना ३७,००० रुपये, घरभाडं भत्ता वेगळा. बाबा गप्प झाले. आई म्हणाली, "पैशाचं झालं. पण लग्नाचं?" जबलपूरची मराठी घरं याबाबतीत पुण्या-नागपूरसारखीच.

सीएसआयआर-नेटसारख्या परीक्षा देऊन फेलोशिप मिळवता येते. पण फेलोशिप मिळाली म्हणजे गाइड मिळाला असं नव्हे. प्रत्येक संस्थेची मुलाखत वेगळी, आणि तिथे मुलाखत घेणाऱ्या सगळ्यांकडे उत्तम मार्कांच्या उमेदवारांची रांगच लागलेली असते.

माझा विषय मला जबलपूरच्या तिलवाऱ्याला मिळाला. संक्रांतीच्या मेळ्यात नर्मदेच्या घाटावर तोंडाच्या तपासणीचं शिबिर होतं. मी नावं लिहून घ्यायला बसले होते. डॉक्टर प्रत्येकाला स्वतःची तीन बोटं उभी जुळवून तोंडात घालायला सांगत. निरोगी माणसाची सहज जातात. एका तरुण नावाड्याची दीडच गेली. "मिर्ची नहीं खा पाता, दीदी, आग लगती है," तो म्हणाला. खिशात दोन पुड्या होत्या, एक सुपारीच्या पानमसाल्याची, एक तंबाखूची. मध्य प्रदेशात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. म्हणून पुड्या वेगळ्या विकतात आणि गिऱ्हाईक त्या तळहातावर एक करतं.

मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये ज्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हटलं, तो हाच आजार. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे गालाच्या आतल्या पेशी जास्त कोलॅजेन तयार करतात, सुपारीतल्या तांब्यामुळे त्याचे धागे एकमेकांत घट्ट गुंफले जातात आणि गाल ताठर होतो. हा आजार झालेल्यांपैकी काहींना पुढे कॅन्सर होतो.

मुंबईतल्या एका संस्थेच्या मुलाखतीत विचारलं, "कॅन्सरच का?" मी नावाड्याबद्दल सांगितलं. लगेच पुढचा प्रश्न आला, "सुपारी तर लाखो लोक खातात. कॅन्सर काहींनाच का?" मी २०१३चा भारतीय अभ्यास वाचून गेले होते. त्यात हिरडी-गालाच्या कॅन्सरचे जनुकीय बदल तपासले होते. टीपी५३, कॅस्प८, नॉच१ ही नावं तर आलीच, शिवाय यूएसपी९एक्ससारखी काही जनुकं या कॅन्सरच्या संदर्भात नव्यानं पुढे आली होती. मी म्हणाले, "कॅन्सर झाल्यावरचे बदल आपल्याला बरेचसे माहीत आहेत. फायब्रोसिस असताना, कॅन्सरच्या आधी, त्यांतला कोणता बदल पहिला दिसतो ते मला शोधायचंय." त्यानंतरची चर्चा नमुने कुठून आणायचे, रुग्ण किती वर्षं बघत राहायचे, यावर गेली. माझ्या मार्कांचा विषय निघालाच नाही. जागा मिळाली.

कॅन्सर-संशोधक डॉ. कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. घेतली, तेव्हा देशात कॅन्सर संशोधनाच्या प्रयोगशाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आज जागा कितीतरी जास्त आहेत, अर्जही तितकेच. जाहिरात आली की सगळ्यांना एकच मजकूर पाठवू नका. त्या प्रयोगशाळेचे दोन-तीन शोधनिबंध वाचा, आपल्या गावातल्या दवाखान्यात जाऊन बसा, आणि जो प्रश्न तुमचा वाटेल तोच अर्जात पहिल्या ओळीत लिहा.