आवाजाची ड्यूटी

पेशंट घाबरला की आधी आपला श्वास सावकाश करायचा, मग तोंड उघडायचं. हे मला भोपाळच्या गॅसपीडितांनी शिकवलं. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटलं. तेव्हा ऐन तारुण्यात ज्यांची फुप्फुसं होरपळली, ते आता साठी-सत्तरीत आहेत. थंडी पडली की आमच्या वॉर्डातल्या खाटा त्यांनीच भरतात.

दम लागलेल्या म्हातारीच्या तोंडावर नेब्युलायझरचा मास्क आला की ती तो उपटून टाकते. तोंड झाकलं की तिला ती रात्र आठवते. अशा वेळी उभ्याने बोलू नये. स्टुलावर बसावं, आपली नजर तिच्या नजरेखाली ठेवावी, मास्क आधी तिच्याच हातात द्यावा. "दादी, मेरे साथ. नाक से लो, होंठों से छोड़ो." गरम चहावर फुंकर घालताना होतात तसे ओठ. ती सोडते, मी सोडते. मागे कुणाचा तरी नातेवाईक ओरडत असतो, पलीकडची सलाईन संपत आलेली असते. त्यातलं काहीही माझ्या आवाजात उतरता कामा नये.

आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली 'द मॅनेज्ड हार्ट' या पुस्तकात हवाई सुंदरींच्या हसण्याला कष्टाचं काम म्हटलं. त्यांना निदान ते हसू कामाचा भाग म्हणून शिकवलं तरी जात होतं. आम्हा नर्सांचा धीर मात्र बायकांचा स्वभावच समजला जातो, म्हणून फुकट. केसपेपरवर नाडी, ताप, ऑक्सिजन चढतो. म्हातारीजवळ बसलेला तो वेळ कुठेच चढत नाही.

त्याची वसुली घरी होते. मुलगा शाळेतलं काहीतरी रंगवून सांगत असतो आणि माझ्या तोंडून 'हं'च्या पुढे शब्द निघत नाही. मऊ बोलणं वॉर्डातच संपलेलं असतं. आमच्यातली एक सिस्टर घरी कुणी हाक मारली तरी दचकते. तिला सगळे सांगतात, थकवा आहे, गोळ्या घे. थकवा आहेच, पण तो पायांचा नाही.

मी इन्चार्ज असते तेव्हा जिच्यासमोर पेशंट गेला, तिला लगेच दुसऱ्या नातेवाइकांसमोर उभी करत नाही. चादरी मोजायला स्टोअरमध्ये पाठवते, तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. स्टाफ कमी असला की हेही जमत नाही, आणि बहुतेक वेळा तो कमीच असतो. नव्या जागा मागताना खाटांचा हिशेब मांडला जातो. त्यात पेशंटजवळ बसण्याचा हा वेळही धरा, असं मी प्रत्येक मीटिंगमध्ये सांगते आणि सांगत राहणार आहे.