गाण्याआधीची गोष्ट

कवितेकडे वळताना कवीला वर्गाबाहेर उभे करावे, ही शिस्त आम्ही दोघे एम.ए.ला शिकलो आणि पुढे विद्यार्थ्यांना शिकवीत आलो. संहितेत आहे तेवढेच आपले. बाकी साऱ्या आख्यायिका. नागपुरातील आमच्या महाविद्यालयात गेल्या हिवाळ्यात जे घडले, त्यानंतर या शिस्तीविषयीची आमची खात्री पूर्वीसारखी राहिलेली नाही.

प्रसंग साधाच होता. स्वतः लिहिणारे, स्वतः चाल बसविणारे आणि स्वतःच गाणारे असे शहरातले चार गायक आम्ही बोलावले होते. त्यांच्या पाठीशी कोणतीही कंपनी नाही. कार्यक्रमाचे नाव 'गाण्यामागची गोष्ट' असे आम्हीच ठेवले होते. उत्तर नागपुरातून आलेल्या एका वृद्ध गायकांनी पेटीवर सूर धरला आणि बोलायला सुरुवात केली. 1877 साली सुरू झालेली एम्प्रेस मिल, तिथली रात्रपाळी, पहाटेचा भोंगा, डबा घेऊन फाटकाशी उभी राहणारी बहीण... बारा मिनिटे झाली तरी गाणे येईना. आम्ही चिठ्ठी पाठविली : 'कृपया आता गीत सादर करावे.' त्यांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि गायले. टाळ्याही पडल्या.

पुढे वार्षिकांकासाठी ते गीत उतरवून घेताना एका विद्यार्थिनीने विचारले, तिसऱ्या कडव्यात डबा भरलेलाच परत का जातो? आम्हांला उत्तर देता आले नाही. ते गोष्टीत होते आणि गोष्ट आम्ही तोडली होती.

तसे पाहता ही परंपरा आम्हांला अपरिचित नव्हती. वामनदादा कर्डक (1922–2004) गाण्याइतकेच त्यामागच्या हकिकतींसाठीही लोकांच्या स्मरणात आहेत. मुंबईत कुणी पत्र वाचून मागितले, वाचता येईना म्हणून डोळ्यांत पाणी आले आणि मग त्यांनी अक्षरओळख करून घेतली, ही त्यांची हकिकत आम्ही वर्गात सांगतोच. पण चरित्राची तळटीप म्हणून. दीक्षाभूमीवर विजयादशमीला मिळणाऱ्या गीतांच्या पुस्तिकांतही गाण्याच्या डोक्यावर 'चाल' छापलेली असते, शेवटच्या कडव्यात कवीची नाममुद्रा असते. गोष्टीला मात्र जागा नसते. कॅसेटच्या काळात ती वेळेत बसत नव्हती. आज मोबाइलवरच्या ध्वनिफितीत ऐकणाऱ्याला तेवढा धीर नसतो. दुसरा गायक गाताना नाममुद्रेचे कडवे गाळतो, तेव्हा कवीचे नावही जाते. मग गाणे कुणाचे, हे ठाऊक असलेली ती गोष्टच काय ती उरते.

आम्ही त्या गायकांच्या घरी गेलो. ओशाळून म्हणालो, ती गोष्ट पुरी सांगा, लिहून घेतो. ते हसले. "सर, गोष्ट का लिवून ठेवली हाये? लोकं समोर बसले का थे आपोआप येते. तुमी चिठ्ठी देल्ली, मंग मी थांबलो." मग बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या विहारात यायचे निमंत्रण दिले.

आम्ही गेलो. सतरंजीवर बसून तेच गाणे ऐकले. त्याआधी तब्बल अर्धा तास गोष्ट झाली. पण त्या रात्री समोर गिरणीतले जुने सोबती होते आणि गोष्ट संपाची व थकलेल्या देण्यांची निघाली. बहीण तीत आलीच नाही. डबा मात्र तिसऱ्या कडव्यात तसाच भरलेला परत गेला, आणि त्या ओळीला मागच्या रांगेतल्या एका वृद्ध बाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांना कारण ठाऊक असावे. विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

वार्षिकांकात गीत छापले आहे. वर अर्धे पान आम्ही कोरे सोडले. मुद्रकाने ती चूक समजून दोनदा दूरध्वनी केला. तसेच राहू द्या, असे आम्ही सांगितले.