हिंगोलीच्या वाटा आणि आपले पाय

मैत्रिणींनो, औंढा नागनाथाच्या दर्शनाला कधी आलात, तर देवळाबाहेर काढून ठेवलेल्या चपलांकडे जरा निरखून पाहा बरं का. देवाला जाऊन चपला काय बघायच्या, असं म्हणाल. पण त्या ढिगात आमचा सगळा हिंगोली जिल्हा असतो. पुरुषांचे जोड जाड तळाचे, पट्ट्यांचे, मजबूत. बायकांच्या मात्र बहुतेक दोनच तऱ्हा. एक, टाचेशी कागदासारखी झिजलेली रबरी स्लीपर, आणि दुसरी, लग्नकार्यासाठी घेतलेली, अरुंद तोंडाची, टिकल्या लावलेली सँडल. रोज चालायला, शेतात जायला म्हणून मुद्दाम निवडून घेतलेलं पायताण फार थोड्या जणींचं.

तसे पायांचे लाड आपण कमी का करतो? पैंजण आहेत, जोडवी आहेत, मेंदी आहे. पण तळव्याखाली काय असावं, हा विचार घरातल्या सगळ्यांचे जोड घेऊन झाल्यावर, पैसे उरले तर!

आणि चालणं तर आमच्याकडे भरपूर. १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा आणि वसमत अशा पाच तालुक्यांचा. शेतं पुष्कळशी काळ्या मातीची. पावसाळ्यात या मातीतून चालताना पावलागणिक चिखलाचा गोळा चिकटतो, स्लीपर जड होते आणि एका हिसक्यात तिचा अंगठा निघून येतो. मग बाई ती धुऱ्यावर काढून ठेवते आणि अनवाणीच खुरपायला लागते. दिवसभर ओल्यात राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन निघालं की रानात धसकटं उरतात, तीही अशी टोकदार की पातळ स्लीपरच्या आरपार जावीत. पुढे संक्रांतीनंतर वसमतकडे हळद निघायला लागते, तिथंही गड्डे वेचणारे, मोडणारे हात बहुतेक बायकांचेच.

अनवाणीपणाची किंमत नुसत्या काट्याएवढी नसते. उघड्यावर शौचाला जाणं जिथं अजून पुरतं सुटलेलं नाही, तिथल्या ओल्या मातीत अंकुशकृमीच्या अळ्या असतात. त्या तळव्याच्या कातडीतून आत शिरतात आणि आतड्यात राहून रक्त शोषतात. आधीच आपल्या बायकांच्या अंगात रक्त कमी! डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्यायच्या आणि पाय उघडे ठेवायचे, म्हणजे एकीकडून भरायचं आणि दुसरीकडून सांडायचं. सापाचंही तेच. दंश बहुतेक वेळा पावलावर नाहीतर पोटरीच्या खालीच होतो. शेतातल्या कामाला पुरुषाला गमबूट घेतला जातो, तसा बाईलाही घ्यावा. तो लुगड्याखाली शोभत नाही म्हणे! न शोभेना.

नरसीला जाल तर कयाधूकाठचं ते गाव संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून पाहाल. आषाढीच्या आधी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आमच्या जिल्ह्यातून, सेनगाव-औंढ्यावरून परभणीकडे जाते. पायी वारी करणाऱ्या जुन्या जाणत्या बायकांच्या पायात कोरी चप्पल दिसायची नाही. नवा जोड घ्यायचा तो महिना-दीड महिना आधी, घरात आणि गावात वापरून पायाच्या वळणाचा करायचा, मगच वाटेला लागायचं. यात्रेला निघण्याच्या आदल्या दिवशी हौसेनं नवी चप्पल घेणाऱ्यांनी एवढं तरी त्यांच्याकडून घ्यावं.

औंढ्याचं हेमाडपंती देऊळ तर पायांच्याच गोष्टीचं. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर इथं पिंडीवर पाय ठेवून निजले होते आणि नामदेवांनी हटकल्यावर, देव नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव, असं म्हणाले, ही कथा तुम्हाला ठाऊकच असेल. खाली गाभाऱ्यात उतरायला अरुंद पायऱ्या आहेत आणि वाकावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी सोबत कोणीतरी न्यावं. पण मला सांगायचं आहे ते कुठल्याही देवळाच्या उघड्या अंगणाबद्दल. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि भर दुपारी दगडी फरशी तव्यासारखी तापते.

आमच्या नात्यातल्या एक काकू, पंधरा वर्षांचा मधुमेह. एका देवस्थानी, नाव कशाला घ्या, त्यांनी वैशाखातल्या दुपारी अनवाणी अकरा प्रदक्षिणा घातल्या. बाकीच्या बायका चटके बसतात म्हणून सावलीला पळत होत्या आणि काकू शांतपणे चालत होत्या. सगळ्यांना त्यांच्या श्रद्धेचं कौतुक! रात्री सुनेनं पाय चेपायला घेतले तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड. काकूंना पत्ताच नव्हता. मधुमेहात पायांच्या शिरांची जाणीव हळूहळू जाते, ती त्यांची केव्हाच गेली होती. जखम चार महिने भरली नाही आणि शेवटी करंगळी काढावी लागली.

म्हणून घरात कोणाला मधुमेह असेल, तर त्या व्यक्तीनं अनवाणी चालू नये, घरातसुद्धा. देवळात सकाळी लवकर नाहीतर दिवस कलल्यावर जावं, आणि जाड सुती मोजे चालतील का, हे विचारून घ्यावं. विचारायला लाजू नये. रोज रात्री तळवे बघावेत, स्वतःला दिसत नसतील तर आरसा खाली ठेवून. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवावा, खडा असला तरी त्यांना टोचणार नाही. कुरूप ब्लेडनं कापू नये, पाय कढत पाण्यात बुडवू नयेत. अंगठ्याची चप्पल त्यांच्यासाठी नको. मऊ एमसीआर रबराची, मागं पट्टा असलेली घ्यावी. ती दिसायला साधी असते खरी.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं शेतात जातो! पण हिंगोलीसारख्या गावातही आता घरोघरी गुळगुळीत कडक फरशी आणि उभा ओटा आला. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते आणि चार पावलांनी कमी होते, ही तक्रार मी किती जणींकडून ऐकते! तळव्याखालचा पडदा ताणून सुजला की असं होतं. स्वयंपाकघरात देवघर, मग चप्पल कशी चालेल? घराबाहेर कधीच न जाणारा मऊ जोड वेगळा ठेवा. तेही नको असेल तर ओट्यापाशी सतरंजीची जाड घडी घाला. अंथरुणातून उठण्याआधी पंचा पावलाभोवती घालून बोटं आपल्याकडे ओढून धरा. महिनाभरात उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

गरोदरपणी पाय सुजतात आणि पसरतातही, काहींचे तर बाळंतपणानंतरही तेवढेच राहतात. तेव्हा सासरी आल्यावरचं माप आयुष्यभर चालेल असं धरू नका. जोडवी आवळायला लागली की वेळीच सैल करून घ्या.

आणि आता खरेदी. आठवडी बाजारात अजून कोणी कारभारी बायकोच्या पावलाएवढी सुतळी तोडून आणतात आणि तेवढ्या मापाची चप्पल घेऊन जातात. सुतळीला लांबी कळते, रुंदी कुठून कळणार? बाईनं स्वतः जावं हे उत्तम. नाहीच जमलं तर वर्तमानपत्रावर उभं राहून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवावी आणि तो कागद धाडावा. बसून काढलेलं माप लहान येतं. दोन पावलं सारखी नसतात, मोठ्याचं माप धरायचं. जायचं ते संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. पुढे बोटभर जागा हवी, टाच इंचभरापेक्षा उंच नको, आणि चप्पल बोटांपाशी वाकावी, मधोमध नव्हे. दुकानात नुसती पायात घालून बघू नका, चांगल्या दहा-वीस फेऱ्या मारा. “वापरून सैल होईल, ताई,” असं दुकानदार हमखास म्हणतो. चामड्याची थोडीफार होते, रेक्झिनची मुळीच नाही. चावत असेल तर तिथंच सोडून या. एकदा घरी नेऊन चिखलात घातली की ती कोणी बदलून देत नाही.